माझ्या वतीने

दाजींचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होतो. मेलबर्नला दुपारचे साडेबारा, म्हणजे गावाकडे सकाळचे आठ. दाजी कधी स्वतः फोन लावत नसत. परदेशी फोनला फार पैसे पडतात हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं, म्हणून ते मिस्ड कॉल द्यायचे आणि मी उलट फोन करायचो. त्या दिवशी मात्र फोन वाजतच राहिला.

बँकेचं पत्र आलं होतं. खातेदाराची माहिती नव्याने घ्यायची आहे, फोटो आणि कागदपत्रं घेऊन स्वतः शाखेत यावं, महिनाअखेरपर्यंत न आल्यास खात्यावरचे व्यवहार थांबवले जातील. दाजींनी मला सगळं पत्र वाचून दाखवलं, अगदी जावक क्रमांकासकट. मग म्हणाले, "खातेदाराने स्वतः, असं आहे सुकू. खाली रेघ मारलीय."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. भूपाल चौगुले गुरुजी. जयसिंगपूरपासून सात किलोमीटरवरच्या एका गावात छत्तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत नोकरी केली, शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आप्पांना शेत आणि पोर दोन्ही जमेना म्हणून अक्काने मला तिच्या घरी नेलं, आणि बारावीपर्यंत मी त्या घरातच वाढलो. दाजींनी मला कधी मारलं नाही, कधी जवळही घेतलं नाही. सकाळी उठवायचे, पाढे म्हणून घ्यायचे, आणि माझी फी माझ्या वर्गशिक्षकांकडे माझ्यासमोर कधीच द्यायचे नाहीत.

त्यांची स्मरणशक्ती पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. कुठल्या वर्षी चौथीच्या वर्गात कोण कोण होतं हे ते हजेरीच्या क्रमाने सांगत. बांधावरून भांडण झालं की लोक तलाठ्याच्या आधी गुरुजींकडे येत, कारण कोणाच्या आजोबांनी चावडीवर काय कबूल केलं होतं ते त्यांच्या ध्यानात असायचं. आमच्याकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात. त्या बस्तीचा सगळा कारभार वीस वर्षं त्यांच्या हातात होता.

मी २००६ साली ऑस्ट्रेलियात आलो. आल्यावर बँकेला कळवायला हवं होतं. परदेशी राहणाऱ्याचं खातं वेगळ्या प्रकारचं करून घ्यावं लागतं आणि त्यावरच्या व्याजातून तीस टक्के कर आधीच कापला जातो. मला हे पहिल्या वर्षीच कळलं होतं. आप्पांच्या रस्त्याकडेच्या जमिनीतला माझा वाटा तेव्हा त्याच बँकेत मुदत ठेवीत होता. मी कळवलं नाही. उलट व्याजावर कर कापू नये म्हणून दर एप्रिलला द्यावा लागणारा जो फॉर्म असतो, त्याच्या कोऱ्या प्रतींवर सह्या करून गठ्ठा दाजींकडे ठेवला. माझं भारतातलं सिमकार्डही त्यांच्याच जुन्या फोनमध्ये होतं. मी इथून इंटरनेटवर व्यवहार केला की ओटीपी तिकडे जायचा, आणि दाजी तो मला जोड्या जोड्यांनी वाचून दाखवायचे: "त्रेचाळीस, सत्याऐंशी, एकोणसाठ." इंग्रजी आकड्यांची सवय झाल्यामुळे मला मनातल्या मनात ते सोडवायला वेळ लागायचा. कधी कधी तेवढ्यात मुदत संपून जायची. मग दाजी म्हणायचे, "एकोणसाठ म्हणजे पाच आणि नऊ. पाढे विसरलास का?"

त्यांनी एकदा विचारलंही होतं, या फॉर्मात 'मी भारतातील रहिवासी आहे' असं छापलंय, ते कसं काय. मी म्हणालो, रहिवासी म्हणजे नागरिकच, आणि माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे. ते म्हणाले, शब्द वेगळे आहेत, पण तू शिकलेला आहेस, तुला माहीत असणार.

आता हे पत्र. पुण्यात रावेतला मी एक फ्लॅट घेत होतो आणि पुढच्याच महिन्याच्या दहा तारखेला मोठा हप्ता होता. व्यवहार थांबले तर बुकिंग जाणार होतं, आणि खरं सांगायला गेलो तर सहा वर्षांच्या सह्या अंगाशी येणार होत्या. मी डबा बाजूला ठेवला. दाजींना म्हणालो, मी फोटो आणि सही केलेले कागद कुरिअरने पाठवतो. तुम्ही शाखेत जाऊन द्या. सांगा की मी पुण्यात नोकरीला आहे आणि पाय मोडलाय, दोन महिने हलता येत नाही.



"असं मी सांगायचं?" दाजींनी विचारलं.

मी म्हणालो, तुमच्या शब्दावर ते कागद घेतील, दुसऱ्या कुणाच्या नाही. हे मी त्यांना पटवण्यासाठी बोललो, पण त्याहून खरं वाक्य त्या दिवशी मी दुसरं बोललो नाही.

ते हो म्हणाले नाहीत. त्या आठवड्यात मी अक्काला दोनदा फोन केला. तिला म्हणालो, माझे एवढे पैसे अडकलेत, दाजी साधं एक काम करत नाहीत. अक्काने त्यांना काय सांगितलं मला ठाऊक नाही. कागद पोचल्यावर ते वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून जयसिंगपूरला गेले आणि दुपारी परत आले. काम झालं होतं. काउंटरवर शैलजा माने म्हणून बाई होत्या, दाजींच्या हाताखाली चौथी शिकलेल्या. त्यांनी एकही प्रश्न न विचारता कागद घेतले, खातेदाराची खात्री केली असा शेरा मारला, आणि वर चहा मागवला. दाजींनी तो घेतला नाही. अक्का म्हणाली, आल्यावर जेवलेही नाहीत, डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. मी म्हणालो, उन्हामुळे असेल.

हप्ता गेला. मी निश्चिंत झालो, आणि निश्चिंत माणूस करतो तसा गाढवपणा केला. तीन आठवड्यांनी इथल्या एका दुकानात ड्रिल मशीन घेताना माझं कार्ड चालेना. मागे रांग होती. पाकिटात भारतातल्या बँकेचं कार्ड होतं, ते दिलं. त्याने पैसे गेले. दुसऱ्या कशाचा विचार माझ्या मनात आला नाही.

दाजींच्या जवळच्या फोनवर मेसेज गेला असणार. त्यांनी मला काही विचारलं नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारी चारला, पाळी संपवून मी गाडीत येऊन बसलो होतो. भारतातल्या कुठल्याशा लँडलाइनवरून फोन आला.

"सुकुमार मगदूम? मी शाखाधिकारी तेलंग बोलतोय. फोन स्पीकरवर आहे. गुरुजी समोर बसलेले आहेत, शैलजाबाई पण आहेत. तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"मेलबर्नला," मी म्हणालो.

"पाय कसा आहे?"

तेलंग नागपूरकडचे होते, नुकतेच बदलून आलेले. आवाज चढवणारा माणूस नव्हता. त्यांनी शांतपणे सांगितलं की परदेशात कार्ड वापरल्याची नोंद त्यांच्याकडे आली आहे. ज्या खातेदाराला अंथरुणातून उठता येत नाही तो मेलबर्नला खरेदी करतो, हे त्यांना वरिष्ठांना लिहून कळवावं लागेल. शेरा मारणाऱ्या बाईंना मेमो द्यावा लागेल. मग म्हणाले, "काय लिहायचं ते तुमच्या उत्तरावर आहे. तुम्ही पुण्यात आहात असं सांगायला गुरुजींना तुम्ही सांगितलं होतं का?"

मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. वेळ मिळाला होता. माझ्या डोळ्यांसमोरून सह्या केलेले सगळे फॉर्म गेले. दंड, नोटीस, रावेतचा फ्लॅट गेला. इथल्या कायम वास्तव्याचा माझा अर्ज तेव्हा विचाराधीन होता, तोही गेला. आणि दाजी समोर बसले आहेत, ऐकत आहेत, हेही मला नीट कळत होतं.

"नाही," मी म्हणालो. "मी तर इकडे आलो तेव्हाच त्यांना सांगितलं होतं, बँकेला कळवा म्हणून. ते फॉर्मही बंद करा म्हटलं होतं. त्यांच्या लक्षात राहिलं नसेल. वय झालंय आता त्यांचं."

शाखेतला गोंगाट ऐकू येत होता. कुणाचा तरी टोकन नंबर पुकारला गेला. मग दाजींचा आवाज आला, नेहमीसारखा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"बरोबर आहे त्याचं. त्याने सांगितलं होतं. पाय मोडलाय तो माझ्या पुतण्याचा, पुण्याच्या. मी त्याचं याला जोडलं. अलीकडे माझं असं व्हायला लागलंय, साहेब."

पुतण्याचा पाय वगैरे काही मोडलेला नव्हता.

तेलंग थोडे थांबले. म्हणाले, ठीक आहे, तसं लिहितो. खातं बदलून घेण्याचे कागद पाठवतो, मागच्या वर्षांचा कर तुम्ही भरून टाका. फोन बंद झाला. घरी गेल्यावर बायकोने, त्रिशलाने, चेहरा बघून विचारलं काय झालं. मी म्हणालो, बँकेचं एक लचांड होतं, मिटलं.

आणि ते खरंच मिटलं. कर भरला, अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी निघाला. दंड झाला नाही. फ्लॅटचा ताबा वेळेवर मिळाला, इथलं कायम वास्तव्यही मिळालं. बदललं एवढंच की ओटीपी अक्का वाचून दाखवू लागली, एकेक आकडा, चाचपडत. दाजी कुठं आहेत विचारलं तर म्हणायची, "बसलेत की." मी त्यांना फोन द्यायला सांगत नसे. तीही म्हणत नसे की थांब, देते.

दोन वर्षांनी, डिसेंबरात, मी एकटाच गावी गेलो. बँकेत एकदा समक्ष जाऊन काही सह्या करायच्या राहिल्या होत्या, ते निमित्त. दाजी अंगणात दोरीवर धोतर वाळत घालत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "आलास? पाणी तापवलंय." जणू मी शेतातून आलो होतो.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकल्यावर, बस्तीच्या मंडळाचे दोघे आले. पंचकल्याणक पूजेची वर्गणी सुरू होती. ते वहीतलं काही दाजींना दाखवायला आले असतील असं मला वाटलं, पण त्यांनी वही अक्कासमोर धरली. दाजी शेजारीच होते. त्यातला एकजण त्यांना मोठ्याने, शब्द तोडत म्हणाला, "गुरुजी, जेवलात का?" लहान मुलाशी बोलावं तसं. दाजींनी मान डोलावली. मग ते दोघे मला बाजूला घेऊन म्हणाले, आम्हीच त्यांच्याकडून कारभार काढून घेतला, वाईट वाटलं, पण बँकेत तसा घोटाळा झाल्यावर जोखीम नको म्हटलं. तुम्ही तिकडून बरं वेळेवर सांगितलंत.

बँकेतली गोष्ट गावात पोचायला दोन दिवससुद्धा लागले नव्हते. गुरुजींच्या डोक्यावर परिणाम झालाय. बांधाचे वाद विचारायला आता कुणी येत नव्हतं. पेन्शन काढायला त्यांच्याबरोबर अक्काला जावं लागत होतं. पुतण्या तर त्यांच्याशी बोलतच नव्हता, आपला पाय फुकटात मोडला म्हणून.

आणि दाजी तसेच वागत होते, हे सगळ्यात अवघड होतं. कुणी काही विचारलं की थोडं थांबायचे, "काय बरं ते" म्हणायचे, अक्काकडे बघायचे. मी दोन दिवस पाहत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं मळ्याकडे गेलो तेव्हा त्यांनी मला ऊस कोणत्या वर्षी कोणत्या वाफ्यात होता, पाणी कोणाच्या पाळीचं कसं अडलं, माझी दहावीची मार्कलिस्ट आणायला ते कोणत्या वाराला गेले होते, सगळं न चुकता सांगितलं.

मी वाटेतच थांबलो. म्हणालो, दाजी, मी आज बस्तीत जाऊन सगळ्यांना सांगतो. बँकेतही सांगतो. जे झालं ते माझ्यामुळे झालं.

"नको," ते म्हणाले.

मी म्हणालो, लोक तुम्हाला वेडं समजायला लागलेत. माझ्याच्याने बघवत नाही.

"तुला बघवत नाही म्हणून सांगणार?" दाजींनी विचारलं. रागाने नाही, गणित चुकलं की विचारायचे तसं. "तू काय सांगणार? की मास्तर काही विसरला नव्हता. म्हणजे मग बँकेत जाऊन मास्तर जाणूनबुजून खोटं बोलला. छत्तीस वर्षं पोरांना सांगितलं, आणि स्वतः काउंटरवर उभं राहून बोलला. विसराळू म्हातारे गावात पुष्कळ आहेत, सुकू. त्यांना कुणी काही म्हणत नाही. मी असेपर्यंत एवढं राहू दे."

पुढे बराच वेळ चालून झाल्यावर ते म्हणाले, "तुझ्या अक्काला माहीत आहे. तेवढं पुरे."

अक्काला माहीत होतं, आणि दोन वर्षं ती मला ओटीपी वाचून दाखवत होती.

दाजी गेले त्याला आता तीन वर्षं झाली. शोकसभेत मी नव्हतो. कुणीतरी मला त्याचा व्हिडिओ पाठवला. त्यांच्या शिस्तीबद्दल, शिकवण्याबद्दल लोक भरभरून बोलले, आणि दोघांनी हळहळून सांगितलं की शेवटी शेवटी गुरुजींची स्मृती साथ देत नव्हती. अक्का पुढच्या रांगेत बसली होती. तिचा चेहरा व्हिडिओत नीट दिसत नाही.

पण मला लिहायचंय ते त्या भेटीतल्या शेवटच्या दिवसाचं. मी आणि दाजी बँकेत गेलो. तेलंग बदलून गेले होते. शैलजाबाई त्याच काउंटरवर होत्या, केस पुष्कळ पिकलेले. दाजींना त्यांनी खुर्ची दिली, पंख्याखाली बसवलं, आणि माझे कागद घेतले. एकेक पान उलटून त्या मला सही कुठे करायची ते बोटाने दाखवत होत्या. मध्येच, मान वर न करता, हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी साहेबांनी गुरुजींना तुमचा तिकडचा नंबर विचारला. त्यांनी डायरी काढली नाही. सगळे आकडे पाठ सांगितले, देशाच्या कोडसकट."

मी सही करत होतो.

"आणि पाच मिनिटांनी म्हणाले, माझ्या काही लक्षात राहत नाही," त्या म्हणाल्या. "तेलंग साहेब माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. गुरुजी खाली बघत होते. मग साहेबांनी तसंच लिहिलं. माझी एक वेतनवाढ गेली, तेवढ्यावर भागलं." त्यांनी पुढचं पान उलटलं. "इथे पण एक करा."

मी केली. त्यांनी शिक्के मारले आणि कागद आत नेले. परत येईपर्यंत मी काउंटरसमोर उभा होतो. काय म्हणायचं ते मला माहीत होतं, फार मोठं नव्हतं, दोन-तीन शब्दांचं होतं. त्या आल्या, पोच दिली, आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघून म्हणाल्या, पुढचे या.

बाहेर आल्यावर वडापची वाट बघत आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलो. दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"शैलजाशी बोललास का?" त्यांनी विचारलं. "माझ्यामुळे त्या पोरीचं नुकसान झालं. आपल्या घरातलं कुणीतरी तिच्याशी दोन शब्द बोलायला हवे होते. मला तर तिच्यासमोर काही आठवून चालत नाही."

"बोललो," मी म्हणालो.

"बरं केलंस," दाजी म्हणाले, आणि समाधानाने टोपी डोक्यावर ठेवली.